पॉकेट गोफर: खणण्याच्या खर्चावर बेतलेला प्राणी

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ घर घेतलं आहे. परसातल्या लॉनवर सकाळी मातीचे ताजे उकीर दिसतात. दोन वर्षांचं लिंबाचं झाड उभ्या उभ्या वाळलं, आणि हलवून पाहिलं तर ते अलगद हातात आलं, खाली मुळं जवळजवळ नव्हतीच. शेजारी म्हणतात, गोफर आहे. ही आपल्याकडची घूसच का? ती जमिनीखाली नेमकं करते काय? आणि तिला मारावं की राहू द्यावं?

ही घूस नव्हे. आपल्याकडे शेतात, गोदामात आणि गटारात सापडणारी घूस उंदरांच्या म्युरिडी कुळातली. पॉकेट गोफर जिओमायिडी या वेगळ्याच कुळातला, आणि त्याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे अमेरिकेच्या वाळवंटातले कांगारू रॅट. या कुळात चाळीसच्या आसपास जाती आहेत. त्या सगळ्या दक्षिण कॅनडा ते कोलंबियाचा वायव्य कोपरा एवढ्याच पट्ट्यात आढळतात. भारतात एकही नाही. घुशीशी त्याचं साम्य एका सवयीपुरतं आहे: दोघंही बिळाचं तोंड भुसभुशीत मातीने बुजवून ठेवतात. पण घूस रात्री बाहेर पडते, पिकात हिंडते, कणसं तोडून बिळात साठवते, घराच्या जोत्याखाली शिरते. गोफर सहसा वर हिंडत नाही. त्याचं खाणं, झोपणं, विणं सगळं जमिनीखाली चालतं आणि घरात शिरण्यात त्याला काही रस नसतो.

त्याच्या वागण्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे. खणण्याला ऊर्जा फार लागते. जमिनीवर एक मीटर चालायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या ३६० ते ३,४०० पट ऊर्जा तेवढंच अंतर खणत जायला लागते, असं या प्राण्यावर केलेल्या मोजमापांतून दिसलं आहे. माती भुसभुशीत की चिकण, ओली की वाळलेली, यावर हा आकडा खालीवर होतो. म्हणजे गोफर प्रत्येक फुटाचा हिशोब ठेवूनच जगतो, असं म्हटलं तरी चालेल. तो एकटा का राहतो, भेगाळलेल्या कोरड्या रानापेक्षा तुमचं भिजवलेलं लॉन त्याला का आवडतं, चाप कुठे लावला तर तो सापडतो, या सगळ्याची उत्तरं या हिशोबातच आहेत.

आधी शरीर पाहू. तुमच्या भागात जो आहे तो बॉटाचा गोफर, शास्त्रीय नाव थोमोमिस बॉटी. शेपटीसकट आठ-दहा इंच लांब, वजन साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम, नर मादीपेक्षा बराच मोठा. मान जवळजवळ नाहीच. डोकं रुंद आणि चपटं, पुढचं अर्धं शरीर स्नायूंनी भरलेलं, मागचं निमुळतं. डोळे बारीक पण आंधळे नाहीत, कान नावापुरते. केस आखूड आणि असे मऊ की पुढे सरकताना आणि मागे सरकताना कुठेच अडत नाहीत. अरुंद बोगद्यात त्याला वळायला जागा नसली तरी तो उलटा झपाट्याने पळतो. तेव्हा वाट चाचपतो ती शेपूट. ती बरीचशी उघडी असते आणि तिला स्पर्श चांगला कळतो.

नावातला ‘पॉकेट’ म्हणजे दोन्ही गालांवरच्या पिशव्या. माकड गालात शेंगदाणे भरतं तेव्हा त्याची पिशवी तोंडाच्या आत उघडते. गोफरची पिशवी तोंडाच्या बाहेर उघडते आणि तिला आतून केसांचं अस्तर असतं. त्यामुळे मातीत मुळं गोळा करताना पिशवीतला माल ना थुंकीने भिजतो, ना तोंडात माती जाते. पिशव्या मागे खांद्यापर्यंत पोचतात. त्या झटकून साफ करायच्या तर तो पुढच्या पायांनी त्या पूर्ण उलट्या करून बाहेर काढतो; मग पाठीच्या कण्याला जोडलेला एक स्नायू त्यांना परत आत ओढून घेतो. एक गैरसमज इथेच दूर करतो: या पिशव्यांतून माती वाहिली जात नाही. त्यांत फक्त खाणं आणि घरट्यासाठी गवत जातं. माती तो छाती, डोकं आणि पुढच्या पंजांनी ढकलतो.

पटाशीचे चार पिवळसर दात तोंड मिटलेलं असतानाही बाहेर दिसतात, कारण त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात. ही रचना नसती तर दातांनी खणणं त्याला जमलं नसतं. घट्ट जमिनीत थोमोमिस वंशातले गोफर नखांइतकंच दातांवर अवलंबून असतात. माती दातांनी फोडायची आणि पंजांनी मागे सारायची. दात झिजतात तसे वाढतातही, खालचे दात तर वर्षाला फुटाहून जास्त. अमेरिकेच्या मधल्या मैदानी राज्यांतला जिओमिस वंश मात्र मुख्यतः नखांनी खणतो. त्याचे पुढचे पंजे आणि नखं बघताक्षणी मोठी वाटतात. वंश ओळखायची सोपी खूण दातांवर असते: जिओमिसच्या वरच्या पटाशीच्या दातावर दोन स्पष्ट चर, क्रॅटोजिओमिसच्या दातावर एक, आणि थोमोमिसचा दात जवळजवळ सपाट, फार तर आतल्या कडेला एक पुसट रेघ.

मादीच्या कमरेची गोष्ट तर विलक्षण आहे. बोगदा जितका अरुंद तितकी कमी माती उपसावी लागते, म्हणून नर असो वा मादी, कमरेची हाडं अरुंदच असतात. एवढ्या अरुंद वाटेतून पिल्लू बाहेर येऊच शकत नाही. मादी वयात येते तेव्हा अंडाशयातल्या संप्रेरकांच्या प्रभावाने तिच्या जघनास्थीचा, म्हणजे कमरेच्या पुढच्या हाडाचा, दोन्ही बाजू जोडणारा भाग विरघळून जातो आणि पुढे आयुष्यभर ती जागा मोकळीच राहते. नराचं हाड तसंच राहतं. प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२०च्या दशकात हे दाखवलं आणि त्याच धाग्याने ते रिलॅक्सिन या संप्रेरकाच्या शोधापर्यंत पोचले. अरुंद बोगदाही हवा आणि प्रसूतीही व्हायला हवी, या पेचाची अशी सोडवणूक सस्तन प्राण्यांत फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता बीळ. वरच्या थरात, सहा ते बारा इंच खोलीवर, खाण्यासाठी खणलेले बोगदे असतात. व्यास अडीच ते साडेतीन इंच. बिळाचा बहुतेक पसारा हाच. घरटं आणि साठवणीच्या खोल्या खाली असतात, काही वेळा सहा फुटांपर्यंत. घरट्यात चिरलेल्या वाळक्या गवताचा गोळा असतो, आणि विष्ठेसाठी वेगळ्या बाजूच्या खोल्या. त्या भरल्या की मातीने बंद केल्या जातात. एका प्राण्याचं बीळ दोनशे ते दोन हजार चौरस फुटांखाली पसरलेलं असू शकतं. जमीन सुपीक आणि भिजवलेली असेल तर लहान, कोरडी आणि विरळ असेल तर मोठं. खाणं जवळ असेल तर जास्त खणायचं कशाला?

माती बाहेर टाकायला तो मुख्य बोगद्याला तिरका फाटा काढतो आणि त्यातून माती वर ढकलतो. ती एकाच बाजूला पसरते, म्हणून उकीर वरून पाहिला तर पंख्यासारखा किंवा घोड्याच्या नालासारखा दिसतो आणि बुजवलेलं भोक मध्यावर नसतं, एका कडेला असतं. ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण पुढे चाप लावताना तीच उपयोगी पडते. मोल हा जमिनीखाली राहणारा दुसराच प्राणी; त्याचा ढीग गोल असतो, भोक मध्यावर असतं आणि त्याचे उथळ बोगदे गवत उचलून धरतात. मोल किडे आणि गांडुळं खातो, तुमचं लिंबाचं झाड त्याने मारलेलं नाही. व्होल नावाच्या छोट्या उंदराची भोकं उघडी असतात आणि गवतात त्याच्या ये-जा करण्याच्या अरुंद वाटा दिसतात. ग्राउंड स्क्विरलचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीचं, भोक चार इंचांचं, उघडं, आणि प्राणी दिवसाढवळ्या वर बसलेला दिसतो. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानांत, याच स्क्विरलच्या एका जातीला लोक गोफर म्हणतात, त्यामुळे तिकडचे सल्ले वाचताना कोणत्या प्राण्याबद्दल चाललं आहे ते आधी तपासा.

माती किती ढकलायची यालाही मर्यादा आहे. बोगदा लांबत गेला की प्रत्येक खेपेला माती जास्त अंतर ढकलावी लागते. एका टप्प्यावर नवा फाटा काढणं स्वस्त पडतं, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर नवा उकीर येतो. वर्षभरात एक गोफर साधारण टनभर माती वर आणतो. उकीर दिसला नाही म्हणजे तो गेला असं मात्र नाही. बऱ्याचदा नव्या बोगद्याची माती तो जुन्या, नको असलेल्या बोगद्यात भरतो आणि वर काहीच दिसत नाही. कॅलिफोर्नियात पाऊस पडल्यावर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत, माती मऊ असते आणि तेव्हा उकीर सर्वांत जास्त दिसतात. उन्हाळ्यात कोरड्या टेकड्यांवर ते थांबतात. तुमच्या लॉनवर मात्र फवारे चालू असतात, म्हणून तिथे वर्षभर.

बंद बोगद्यातली हवा शिळी असते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. बिळात तो कधी कधी काही टक्क्यांपर्यंत चढतो आणि ऑक्सिजन तेवढा घटतो. आर्द्रता जवळजवळ पूर्ण असल्याने अंगातली उष्णता बाहेर टाकणंही कठीण. म्हणून विश्रांतीत गोफरचा चयापचय त्याच्या आकाराच्या इतर प्राण्यांपेक्षा मंद असतो, आणि उघड्या शेपटीतून उष्णता बाहेर पडायला मदत होते. तो हिवाळी झोप घेत नाही. दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने काम आणि विश्रांती चालू असते.

खाणं पूर्ण शाकाहारी: मुळं, कंद, गड्डे, आणि बोगद्याच्या छतातून खाली ओढलेली अख्खी रोपं. गाजराचं रोप तुमच्या डोळ्यांदेखत हलत हलत जमिनीत गडप झालं तर चक्रावू नका, खालून ते ओढलं जात असतं. हिरवा पाला खायला तो भोक उघडतो, पण मागचं शरीर बिळात ठेवून पुढे जितकं पोचता येईल तितकंच कुरतडतो आणि भोक पुन्हा बुजवतो. अशा भोकाजवळ उकीर नसतो, फक्त बोटभर रुंदीचा मातीचा बूच आणि भोवती गोलाकार कुरतडलेलं गवत. लसूणघास त्याचा अतिशय आवडता. त्याची जाड, सोटमूळ असलेली झाडं आणि वर्षभराचं पाणी, यामुळे लसूणघासाच्या शेतात आणि द्राक्षबागेत एकरी साठपर्यंत गोफर आढळले आहेत. तंतुमय अन्न अंधनालात, म्हणजे आतड्याला जोडलेल्या पिशवीत, आंबवून पचवलं जातं, आणि मऊ विष्ठा तो पुन्हा खातो, सशासारखंच. पाणी बहुतेक अन्नातूनच मिळतं.

लहान फळझाडांवर तो का तुटून पडतो तेही यातून कळतं. कोवळी साल गोड आणि ओली, आणि झाडाखालची माती आळ्यातल्या पाण्याने मऊ. तो मुळं खालून खात जातो, बुंध्याची साल जमिनीखालीच गोल सोलतो. वरून पानं पंधरा दिवस तजेलदार दिसू शकतात. कोमेजायला लागतात तोवर खालचं काम संपलेलं असतं. झाडाला अधिक पाणी दिलं तर माती आणखी मऊ होते आणि त्याचं काम सोपं होतं.

एका बिळात एकच प्राणी. दोन प्रौढ समोरासमोर आले तर दातांनी भांडतात. बीळ खणायला लागलेली ऊर्जा वाटून घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून ते राखलं जातं. अपवाद प्रजननकाळाचा. कोरड्या भागात मादी वर्षातून एकदा, पावसानंतर हिरवळ असताना विते. भिजवलेल्या जमिनीत वर्षाला तीन वेतंही होतात. गर्भकाळ बॉटाच्या गोफरमध्ये सुमारे १९ दिवस, एका वेळी पाच-सहा पिल्लं. ती उघडी, आंधळी जन्मतात. गालाच्या पिशव्याही तेव्हा बंद असतात. साधारण दोन महिन्यांची झाली की आई त्यांना हाकलते आणि ती जागा शोधायला निघतात. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ, कारण काही वेळा जमिनीवरून जावं लागतं. रात्री गव्हाणी घुबड, कायोटी, बॉबकॅट टपलेले असतात. पुढे बिळात शिरून मारणारेही आहेत: वीझल, गोफर स्नेक, आणि बीळच उकरून काढणारा बॅजर. वर्षभराचं झालं की पिल्लू प्रजननक्षम, आणि तीन वर्षं जगलं तर पुष्कळ.

पिढ्यान्‌पिढ्या एवढ्या थोड्या अंतरात राहिल्यामुळे प्रत्येक दरीतला गोफर थोडा वेगळा होत गेला. मातीच्या रंगाशी मिळतेजुळते केस, त्या मातीला जुळणारी दातांची ठेवण. बॉटाच्या एका जातीचेच दीडशेहून अधिक उपप्रकार वर्णिले गेले आहेत, त्यातले कित्येक आज मानले जात नाहीत. त्यांच्या केसांत राहणाऱ्या, कातडी आणि केस कुरतडणाऱ्या उवांनाही एका गोफरवरून दुसऱ्यावर जाण्याची संधी क्वचितच मिळते. त्यामुळे यजमान आणि ऊ यांच्या वंशावळी समांतर फुटत गेलेल्या दिसतात. मार्क हाफनर आणि स्टीव्हन नॅडलर यांनी १९८८ मध्ये दाखवलेलं हे उदाहरण सहउत्क्रांतीच्या अभ्यासात आजही शिकवलं जातं.

मारावं की राहू द्यावं, हे ठरवण्याआधी तो जमिनीसाठी काय करतो ते पाहायला हवं. १८ मे १९८० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा उत्तरेकडचा गोफर, थोमोमिस टॅल्पॉइडिस, काही भागांत जमिनीखाली असल्यामुळे वाचला. वरचा राखेचा थर फोडून त्याने खालची जुनी माती वर आणली, आणि तिच्याबरोबर बिया आणि मुळांना साथ देणाऱ्या बुरशीचे बीजाणू. १९८३ मध्ये संशोधकांनी प्युमिसने, म्हणजे ज्वालामुखीतून पडलेल्या हलक्या सच्छिद्र दगडाने, झाकलेल्या उघड्या मैदानात दोन कुंपणांत गोफर फक्त एक दिवस सोडले. तेव्हा तिथे मोजकीच रोपं होती. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर चाळीस हजार रोपं होती, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर त्या दिवसाचा ठसा चार दशकांनंतरही होता. याचा अर्थ एका गोफरने डोंगर पुन्हा उभा केला असा नाही. पण माती खालीवर करणारा प्राणी नसेल तर बुरशी वर पोचायला फार उशीर लागतो.

तुमच्या घराजवळही एक उदाहरण आहे. सॅन होजेच्या दक्षिणेला कोयोटी रिजवर सर्पेंटाइन खडकाच्या पातळ मातीत बे चेकरस्पॉट हे फुलपाखरू टिकून आहे. १९८७ पासून ते संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याच्या अळ्या प्लँटॅगो या छोट्या रोपावर वाढतात. गोफरने उकरलेल्या मातीत ही रोपं शेजारच्यांपेक्षा उशिरा वाळतात, आणि अळीला पूर्ण वाढायला तेवढे दिवस जास्त मिळतात. शिवाय जुन्या बिळांत कॅलिफोर्निया टायगर सॅलॅमँडर उन्हाळा काढतात, आणि बेडूक, सरडे, सापही आसरा घेतात.

दुसरी बाजूही खरी आहे. ॲरिझोनात गोफर काढून टाकलेल्या जागांवर ॲस्पेनची झाडं कुरणात पसरली, म्हणजे एरवी खडकाळ जागांपलीकडे त्यांना गोफरच येऊ देत नव्हते. वायव्य अमेरिकेत तोडलेल्या जंगलात नवी रोपं लावणाऱ्या वनखात्यांचं हे कायमचं दुखणं आहे. फ्लोरिडात २०२२ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं की तिथला गोफर बोगद्यात वाढत येणारी पाइनची मुळं छाटून खातो आणि त्यातून रोजच्या ऊर्जेचा २० ते ६० टक्के भाग मिळू शकतो; त्यांनी याला शेती म्हटलं. आकडा महत्त्वाचा आहे, कारण जुना बोगदा राखणं नवा खणण्यापेक्षा कसं परवडतं ते त्यातून कळतं. शेती हा शब्द मात्र मला ताणलेला वाटतो. पेरणी नाही, निगा म्हणावी अशी सिद्ध झालेली नाही. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियातली मीमा टेकाडं, दोन मीटरपर्यंत उंच आणि तीस-चाळीस मीटर रुंद, गोफरांच्या शेकडो पिढ्यांनी रचली असा एक जोरदार दावा आहे. संगणकावरच्या प्रतिकृतीत तशी टेकाडं पाच-सात शतकांत तयार होतात, पण वाद मिटलेला नाही.

आता तुमचं परस. लॉनच्या मागे मोकळी टेकडी असेल तर तिथले गोफर सोडून द्या. तिथे त्यांचं काम आहे, आणि तुम्ही काढलेत तरी रिकाम्या बिळात शेजारचा येणारच. कारवाई करायची ती तीन ठिकाणी: नवी झाडं, भाजीचे वाफे, आणि पाण्याच्या पाटाचा किंवा तळ्याचा बांध. बांधातलं बीळ म्हणजे पाझर, पुढे खिंडार. तिथे दयामाया चालत नाही.

पकडायला सर्वांत भरवशाचा उपाय अजूनही चाप आहे. मॅकाबी, सिंच, गोफिनेटर या दोन दांड्यांच्या चापांपैकी कोणताही चालेल. ताजा उकीर निवडा, माती गडद आणि ओलसर असलेला. बुजवलेलं भोक ज्या कडेला आहे, त्या बाजूने आठ ते बारा इंच अंतरावर लोखंडी सळई जमिनीत दाबत जा. सहा ते बारा इंच खोलीवर सळई एकदम दोनेक इंच खाली गेली की मुख्य बोगदा सापडला. एकदा सापडल्यावर शेजारी पुन्हा टोचून त्याची दिशा पक्की करा. फाट्यात चाप लावणं ही नेहमीची चूक: फाटा माती टाकून झाली की सोडून दिला जातो, तिथे तो परतेलच असं नाही. बोगदा खुरप्याने उघडा, दोन चाप घ्या आणि दोन विरुद्ध दिशांना तोंड करून बोगद्याच्या आत सरकवा, कारण तो कुठून येईल ते माहीत नसतं. प्रत्येक चाप तारेने वर रोवलेल्या खुंटीला बांधा, नाहीतर जखमी प्राणी किंवा कोल्हा तो ओढून नेतो. आमिष लागत नाही. उजेड आणि वारा आत आला की भोक बुजवायला तो स्वतःच येतो. मुलं किंवा कुत्रं असेल तर वर फळी आणि वजन ठेवा. हातमोजे वापरा, ते वासासाठी नव्हे, तुमच्या आरोग्यासाठी.

रोज पाहा. दोन दिवसांत काही लागलं नाही तर जागा बदला. चाप मातीने भरून सुटलेला सापडला तर तो पुरेसा आत नव्हता. गोफर माती ढकलत आला आणि प्राण्याऐवजी मातीच चापावर आली. चाप काढून बोगदा साफ करा आणि तो तीन-चार इंच आणखी आत बसवा. सापडल्यावर सगळे उकीर सपाट करा आणि आठवड्याने पाहा. नवा उकीर आला तर नवा गोफर आला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पिल्लं पांगण्याआधी, एक मादी पकडली तर पुढची पाच-सहा बिळं टळतात. जिवंत पकडून दूर नेऊन सोडणं कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय बेकायदा आहे, आणि परक्या बिळात टाकलेला गोफर तसाही फार दिवस टिकत नाही.

विषाच्या गोळ्या टाळा. २०२१पासून कॅलिफोर्नियाने रक्त गोठू न देणाऱ्या विषांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले, कारण मेलेला गोफर खाऊन घुबडं, बॉबकॅट, पाळीव कुत्री दगावतात. फॉस्फाइडचा विषारी वायू तर परवानाधारकालाच वापरता येतो. धुराची कांडी लावली की गोफर बोगदा मातीने बंद करतो आणि मागे सुखरूप राहतो. पाणी सोडलं तरी बहुधा तेच. आवाज करणारी बॅटरीची यंत्रं, च्युइंगगम, एरंडेल तेल, गोफर पर्ज नावाची वनस्पती, यांपैकी एकाचाही चाचण्यांत टिकाऊ उपयोग दिसलेला नाही. गव्हाणी घुबडांसाठी पेट्या जरूर लावा, एक कुटुंब हंगामात शेकडो उंदीर-गोफर खातं. फक्त एका परसातला एक गोफर तेच नेमकं उचलतील असं धरून बसू नका.

नवं लिंबाचं झाड, अंजीर, कढीपत्ता, काहीही लावायचं असेल तर जाळीच्या टोपलीत लावा. जस्तलेपित किंवा स्टेनलेस तारेची, पाऊण इंचाहून बारीक भोकांची जाळी घ्या. तळ बंद हवा, आणि काठ जमिनीच्या वर चार-सहा इंच, कारण रात्री तो वरूनही येतो. टोपली रुंद ठेवा, किमान दोन फूट, नाहीतर वाढत्या मुळांना तारांचा फास बसतो. भाजीच्या उंच वाफ्याला तळाशी अर्ध्या इंचाची जाळी लावून चारही कडांना वर वळवून खिळे मारा. दोन पट्ट्या जोडताना त्या सहा इंच एकमेकींवर चढवा, तो फट शोधूनच येतो. कोंबड्यांच्या कुंपणाची पातळ जाळी काही वर्षांत गंजते, आणि ती गंजली हे तुम्हाला झाड वाळल्यावरच कळेल. ठिबकच्या नळ्या आणि बागेतल्या दिव्यांच्या वायर जाड पाइपमधून न्या. बाहेरचा व्यास २.९ इंचांपेक्षा जास्त असेल तर त्याचे दात भोवती पोचत नाहीत. ते शक्य नसेल तर तारेभोवती सहा ते आठ इंच जाड खडीचा थर द्या.

आणखी एक गोष्ट, तुमच्यापैकी कुणी सिॲटल-ऑलिंपियाकडे राहत असेल तर. तिथला मझामा गोफर दुर्मीळ झाला आहे. २०१४ मध्ये त्याचे चार उपप्रकार अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली संकटग्रस्त ठरले. तिथे उकीर दिसला तर चाप लावू नका, जमीनही उकरू नका. बांधकामाचा परवाना हवा असेल तर आधी काउंटीच्या कार्यालयाकडून त्या जागेची पाहणी करवून घ्यावी लागते.